मूल अठराचं झालं की पोटगी थांबते का? (नागपूर कौटुंबिक न्यायालय, जुने आदेश)

रेवा_धरमपेठ
बारावीचा निकाल लागला की आपल्याकडच्या प्रत्येक गटावर हा प्रश्न येतोच. उत्तरंही ठरलेली दोन: "अठरा झाले, संपलं" आणि "शिक्षण होईपर्यंत द्यावीच लागते". दोन्ही अर्धवट वाटतात, म्हणून धागा काढते.

समजा आदेश नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाचा, २०१४ चा, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा. आदेशात एवढंच लिहिलंय की पत्नी आणि दोन मुलांना मिळून दरमहा १८,००० रुपये. मुलगी येत्या १४ नोव्हेंबरला अठरा पूर्ण करते, मुलगा तेरा वर्षांचा आहे.

१) बापानं डिसेंबरपासून आपल्या मनानं ६,००० कापून १२,००० भरले तर चालतं का?
२) मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिच्या खर्चासाठी आईनं काय करायचं, की मुलीनं करायचं?
३) पाच वर्षांनी मुलगा अठराचा होईल तेव्हाही हेच उत्तर राहतं का?

कलम, कागद आणि क्रम सांगा. "चांगला वकील गाठा" हे सगळ्यांना माहीत आहे.

किरकोळ_अर्ज
आधी आदेशाचं शेवटचं पान काढा. "आदेश" या शब्दाखाली ज्या चार-पाच ओळी असतात तेवढ्याच बंधनकारक. वरची पंधरा पानं चर्चेची.

तिथे तीन प्रकार सापडतात. एक, प्रत्येक अर्जदाराची रक्कम वेगळी आणि "सज्ञान होईपर्यंत" असं स्पष्ट लिहिलेलं. अशी रक्कम त्या दिवशी आपोआप थांबते, कोणाची परवानगी लागत नाही. दोन, रक्कम वेगळी पण मुदत लिहिलेली नाही. इथे कलम १२५ ची स्वतःची मर्यादा लागू होते, कारण त्या कलमात धडधाकट मुलाचा हक्क सज्ञान होईपर्यंतच आहे. तरीही न्यायालयाकडून तसं लिहून घेतलेलं बरं. तीन, तुम्ही दिलेलं उदाहरण, म्हणजे मोघम एकत्र रक्कम. यात ६,००० हा मुलीचा वाटा असं कुठेही लिहिलेलं नाही. तीन जणांत समान वाटणी हे बापाचं गणित झालं, न्यायालयाचं नव्हे.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: परस्पर कापू नये. बदलाचा अर्ज करावा. जुन्या संहितेत त्याला कलम १२७ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात कलम १४६. मूळ पोटगीचं १२५ आता १४४ झालं, वसुलीचं १२८ आता १४७. अर्जात जुनं आणि नवं दोन्ही लिहा, म्हणजे बाबूलोकांचा गोंधळ होत नाही.

तर्री_वेगळी
आदेशाचं शेवटचं पान घरात कोणाजवळच नसते भाऊ. पहिलं पान लॅमिनेशन करून ठेवतात, त्याच्यावर नाव राहते ना!

किरकोळ_अर्ज
@तर्री_वेगळी, हसण्यावारी नेऊ नका, खरंच आहे. सही-शिक्क्याची नक्कल नसेल तर नक्कल विभागात अर्ज करा. प्रकरण क्रमांक आणि निकालाची तारीख लागते. क्रमांक आठवत नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून शोधता येतो. जुनं प्रकरण अभिलेख कक्षात गेलेलं असलं तर वेळ लागतो, म्हणून हे काम वाढदिवसाच्या दोन-तीन महिने आधीच करावं.

बापाची_बाजू
कायदा सांगतो मूल अज्ञान (अठराच्या आतलं) असेपर्यंत. मग अठरा झाल्यावरही अर्ज, तारखा, वकिलाची फी हे सगळं बापानंच का करायचं? जो हक्क संपला तो सिद्ध करायची जबाबदारी आईवर हवी. कापून भरलं तर फार तर काय होईल?

दरखास्त_क्रमांक_दोन
फार तर हे होईल: फरकाच्या वसुलीचा अर्ज येईल. त्यात बापाला "मुलगी सज्ञान झाली" हे सांगता येतं, आणि बहुधा काही प्रमाणात मान्यही होतं. पण तोवर नोटीस, हजेरी, प्रसंगी वॉरंट हे सगळं अंगावर येतं. प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून रक्कम माफ होत नाही. सुप्रीम कोर्टानं हे १९८९ मध्येच स्पष्ट केलंय. बदलाचा अर्ज याच्यापेक्षा स्वस्त पडतो.

आता दुसरी बाजू, जी बापांना कोणी सांगत नाही. रक्कम कमी करायला तुम्ही अर्ज केला की समोरच्याला वाढीचा अर्ज टाकायचं निमित्त मिळतं. २०१४ चे १८,००० म्हणजे आजच्या भावात किती? बापाचा पगार तेव्हा किती, आता किती? मुलीचा वाटा वजा होऊनही आकडा १८,००० च्या वर जाऊ शकतो. हे गणित आधी घरी करा, मग अर्ज करा.

बापाची_बाजू
म्हणजे गप्प बसून भरत राहा, असंच ना?

दरखास्त_क्रमांक_दोन
नाही. म्हणजे पगाराच्या स्लिपा समोर ठेवून ठरवा.

सिव्हिललाइन्स_सावली
दुसऱ्या प्रश्नावर येते, कारण इथे सगळ्यात जास्त घोळ होतो.

पोटगीचा एकच कायदा नाही. १२५ किंवा १४४ हा सर्व धर्मांना लागू असलेला जलद मार्ग आहे. तिथे सज्ञान मुलाला हक्क फक्त शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे, अथवा इजेमुळे, तो स्वतःचं पोट भरू शकत नसेल तरच. दुसरा कायदा म्हणजे हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६. त्याच्या कलम २०(३) प्रमाणे अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू शकत नसेल तर आईबापांची जबाबदारी चालू राहते. वयाची अट नाही. लग्न किंवा पुरेशी कमाई, यांपैकी जे आधी येईल तिथे ती संपते. याच कायद्याच्या कलम ३ मध्ये निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण, औषधोपचार धरलेत आणि अविवाहित मुलीसाठी लग्नाचा वाजवी खर्चसुद्धा.

१५ सप्टेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं हाच फरक नीट मांडला: अठरानंतर १२५ खाली मागू नका, कलम २० खाली मागा. त्यामुळे "मुलगी अठराची झाली, संपलं" हे १२५ पुरतं खरं आणि कलम २० पुरतं खोटं.

अर्ज कोण करणार? मुलगी स्वतः. अठरा झाल्या दिवसापासून आई तिच्या वतीनं सही करू शकत नाही.

नवीन_सभासद_मानेवाडा
आणि आईनं मुलीच्या वतीनं आधीच दावा टाकलेला असेल, तो चालू असतानाच मुलगी अठराची झाली तर? दावा रद्द होतो?

सिव्हिललाइन्स_सावली
रद्द होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३२, नियम १२ पाहा. सज्ञान झालेल्या वादीनं दावा पुढे चालवायचा की सोडायचा हे न्यायालयाला सांगायचं. चालवायचा असेल तर पालकमित्र (अज्ञानाच्या वतीनं दावा चालवणारा) कमी करून शीर्षकात दुरुस्ती होते, "पूर्वी अज्ञान, आता सज्ञान" असा उल्लेख येतो. सोबत जन्मदाखला आणि मुलीच्या स्वतःच्या सहीचं नवीन वकीलपत्र. हे राहून गेलं की समोरचा वकील नेमका उलटतपासणीच्या दिवशी उठतो आणि तारीख जाते.

वऱ्हाडी_ठेचा
कागद कोणते ते सांगून टाकतो, लोक अर्धे कागद घेऊन सिव्हिल लाइन्सला कोर्टाच्या चकरा मारून राहिले.

मुलीकडून: महापालिकेचा जन्मदाखला, आधार, प्रवेशपत्र, शुल्काच्या पावत्या, वसतिगृह किंवा खोलीभाडं, मेस, बसचा पास, मागच्या तीन वर्षांचं पासबुक. स्टायपेंड किंवा शिकवणीचे पैसे येत असतील तर तेही दाखवायचे. लपवलं आणि समोरच्यानं यूपीआयच्या नोंदी काढल्या की सगळ्या दाव्यावरचाच विश्वास उडतो.

दोन्ही बाजूंकडून: मालमत्ता आणि देण्याचं शपथपत्र. नोव्हेंबर २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं हे देशभर सक्तीचं केलं. त्याचे नमुने ठरलेले आहेत. नोकरदार किंवा धंदेवाल्याचा नमुना वेगळा, शेती करणाऱ्याचा वेगळा. काटोल-नरखेडकडचा संत्र्याचा बागायतदार असेल तर त्याच्याकडून शेतीवाला नमुना भरून घ्या, नाहीतर "माझं उत्पन्न शून्य, विवरणपत्र पाहा" असं उत्तर येते. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, विवरणपत्रात बाग दिसत नाही. सातबारा, पीकपेरा, कर्जखात्याचा उतारा यांत दिसते.

त्याच निकालात अजून एक कामाची गोष्ट आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, निकालाच्या तारखेपासून नाही. म्हणून अर्ज लवकर टाकायचा.

तर्री_वेगळी
संत्र्याच्या बागेचं उत्पन्न कोर्टात शून्य आणि सोयरीक जुळवताना वर्षाचे पंधरा लाख. दोन्ही ठिकाणी झाडं तेवढीच!

भीमटेकडी_वाचक
एक दुरुस्ती हवी. वर "हिंदू" वाचून आपल्याकडचे बरेच बौद्ध वाचक पुढे स्क्रोल करतील. १९५६ चा हा कायदा कलम २ प्रमाणे बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. लग्न बौद्ध पद्धतीनं झालंय म्हणून मुलीला कलम २० मिळत नाही, असं सांगणारे सल्लागार आहेत. त्यांचं ऐकू नका.

गोंडवन
@भीमटेकडी_वाचक यांनी बरं केलं. त्याच कलम २ मध्ये उलटी बाजूही आहे. अनुसूचित जमातींना हा कायदा केंद्र सरकारनं तशी अधिसूचना काढल्याशिवाय लागू नाही. गोंड, माडिया, कोरकू कुटुंबातल्या सज्ञान मुलीला "कलम २०(३) आहेच" असं सांगून पाठवणं चुकीचं ठरेल. तिथे १४४ तर सर्वांसाठी आहेच, म्हणजे अज्ञान मूल आणि अपंगत्व असलेलं सज्ञान मूल. बाकी जमातीच्या रूढीवर. समोरच्या वकिलाचा पहिला आक्षेप हाच असतो.

मोमिनपुरा_चहा
मुस्लिम मुलांबद्दल: १९९७ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की १२५ खालचा मुलांचा हक्क घटस्फोटित स्त्रियांसाठीच्या १९८६ च्या कायद्यानं कमी होत नाही. मुलं सज्ञान होईपर्यंत किंवा कमावू लागेपर्यंत आणि मुली लग्न होईपर्यंत. इद्दतीचा (घटस्फोटानंतर स्त्रीनं थांबायचा काळ) किंवा मूल दोन वर्षांचं होईपर्यंतच असा मुद्दा काढून मुलांची पोटगी थांबवता येत नाही.

अमरावती_रोड
आता तिसऱ्या प्रश्नाकडे या कोणीतरी. मुलाचं काय? मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं कर्नाटकातल्या एका प्रकरणात मुलाची पहिली पदवी होईपर्यंत बापानं खर्च द्यावा असं सांगितलं. म्हणजे मुलालाही पदवीपर्यंत हक्क आहे. विषय संपला.

किरकोळ_अर्ज
संपला नाही. तो आदेश त्या प्रकरणाच्या परिस्थितीत दिलेला आहे. कलम २०(२) चे शब्द आजही "अज्ञान असेपर्यंत" असेच आहेत आणि कलम २०(३) मधला अपवाद फक्त मुलीसाठी आहे. त्याच वर्षी जूनमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही सज्ञान मुलाचा सगळा भार आईवर टाकता येत नाही, असं म्हणत आईला रक्कम दिली. हे निकाल जोडा, त्यांचा उपयोग होतो. पण नागपूरच्या न्यायालयात धडधाकट सज्ञान मुलानं स्वतः अर्ज टाकला तर पहिला प्रश्न "कोणत्या कलमाखाली?" हाच येणार.

व्यवहारात मार्ग दोन. आईची पोटगी ठरताना तिच्यावर पडणारा मुलाचा खर्च दाखवायचा. किंवा तडजोडीतच लिहून घ्यायचं.

दरखास्त_क्रमांक_दोन
तडजोडीतलं लिहिणं हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा भाग आहे, म्हणून सविस्तर.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात "पती मुलांच्या शिक्षणाचा खर्च करेल" अशी एक ओळ टाकतात आणि उठतात. या ओळीवर दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) चालवणं कठीण जातं. कोणतं शिक्षण? किती खर्च? कधीपर्यंत? वसुली करणाऱ्याला आकडा आणि तारीख लागते.

चालणारी ओळ साधारण अशी: "मुलगा पहिली पदवी पूर्ण करेपर्यंत किंवा वयाची २३ वर्षं पूर्ण करेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, पती दरमहा इतके रुपये मुलाच्या खात्यात प्रत्येक महिन्याच्या ७ तारखेपर्यंत जमा करेल, ही रक्कम दर वर्षी इतक्या टक्क्यांनी वाढेल, महाविद्यालयाचं शुल्क पावती किंवा मागणीपत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत थेट महाविद्यालयाला देईल, कमाल मर्यादा वर्षाला इतके रुपये."

त्याला चार शेपट्या जोडा. एखादं वर्ष वाया गेलं तर काय (बहुतेक ठिकाणी एक वर्ष धरतात). मध्ये शाखा बदलली तर काय. पुण्या-मुंबईला गेला तर वसतिगृह कोणाकडे. शैक्षणिक कर्ज काढलं तर सहकर्जदार कोण आणि हप्ता कोणाचा. हे सगळं संमतीच्या अटींत जाऊन हुकूमनाम्याचा (दिवाणी निकालाच्या आदेशाचा) भाग झालं पाहिजे. वेगळ्या शंभराच्या स्टॅम्पवर लिहून कपाटात ठेवलं तर वसुलीसाठी नव्यानं दावा करावा लागतो.

हुकूमनामा असेल तर दरखास्तीला १२ वर्षं मिळतात. १२५ किंवा १४४ च्या आदेशाला मात्र वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. मूल अठराचं झालं म्हणून आधीची थकबाकी बुडत नाही, पण हे एक वर्ष निसटलं तर वॉरंटचा मार्ग निसटतो. दर आठ-दहा महिन्यांनी वसुली अर्ज टाकत राहायचा, "एकदम काढू" म्हणायचं नाही.

पगार जप्तीबद्दल लोकांना भलतीच माहिती असते. साध्या कर्जात पगाराचा बराच भाग सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात दिवाणी संहितेच्या कलम ६० प्रमाणे फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित.

बापाची_बाजू
मग जप्ती चालू असलेल्या बापानं थांबवायचं कसं? कार्यालय तर कापतच राहतं.

दरखास्त_क्रमांक_दोन
हा प्रश्न चांगला विचारलात. कार्यालय जन्मदाखला पाहून थांबवणार नाही, आणि थांबवूही नये. जप्तीचा आदेश न्यायालयाचा आहे, त्यामुळे थांबवण्याचा आदेशही न्यायालयाचाच लागतो. थकबाकी शून्य असल्याचा हिशेब, बँकेचा उतारा आणि जन्मदाखला लावून त्याच प्रकरणात अर्ज करा. समोरच्या बाजूला मान्य असेल तर पुरसीस (तसं लेखी निवेदन) द्या, एका तारखेत होतं. आदेशाची नक्कल कार्यालयातल्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे (पगार काढणाऱ्याकडे) द्या आणि पोच घ्या. पगारपत्रक महिन्याच्या मध्यातच तयार होतं, त्यामुळे एक हप्ता जास्त कापला जाण्याची शक्यता धरून चाला.

हॅम्पशायरचा_हर्षद
तुलनेसाठी: इंग्लंडात मूल १६ चं झालं की थांबतं. ए-लेव्हल किंवा त्याच्या बरोबरीचं पूर्णवेळ शिक्षण चालू असेल तर २० पर्यंत. मुलगा-मुलगी फरक नाही. विद्यापीठात गेलं की संपलं, पुढचं विद्यार्थी कर्जावर.

तर्री_वेगळी
आमच्याकडे पोरगा तिशीत आला तरी आई डबा देऊन राहिली, कोणत्या कलमात बसवता बोला.

मेडिकल_चौक
अपंगत्व असलेल्या सज्ञान मुलाबद्दल वर एक ओळ आली, त्याला जोड. १४४ मध्ये टक्केवारीची अट नाही. त्या अपंगत्वामुळे स्वतःचा निर्वाह करता येत नाही, हे दाखवायचं असतं. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) आणि प्रमाणपत्र हे पुरावे आहेत, पण "४० टक्के आहे म्हणून मिळेलच" किंवा "४० च्या खाली म्हणून मिळणारच नाही" दोन्ही चूक. डॉक्टरांकडून कामाची क्षमता, औषधोपचाराचा खर्च आणि सोबतीला माणूस लागतो का, हे लिहून घ्या.

बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर अठरानंतर अर्जावर सही कोण करणार हा प्रश्न येतो. आई नैसर्गिक पालक उरत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती असते, ती कायदेशीर पालक नेमते. हे अठराव्या वाढदिवसानंतर लगेच करून टाका. पोटगीसोबत बँक आणि कुटुंब निवृत्तिवेतनालाही तेच पत्र लागतं.

रेवा_धरमपेठ
बँकेवरून आठवलं. मुलीच्या अज्ञान खात्यात पैसे येत असतील तर?

वऱ्हाडी_ठेचा
अठरा झाली की ते खाते तसं चालत नाही. नव्यानं केवायसी आणि मुलीच्या सहीचा नमुना द्यावा लागते, नाहीतर बँक व्यवहार रोखते. मग बाप म्हणते "मी भरले, परत आले", आई म्हणते "भरलेच नाही". वाढदिवसाच्या आठवड्यातच शाखेत जाऊन बदलून घ्या आणि खाते क्रमांक बदलला तर लेखी कळवा.

आणि मुलीच्या शुल्काबद्दल एक. २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ते मिळत असेल तर दाव्यात पूर्ण शुल्क मागू नका, पहिल्याच तारखेला खोडलं जाईल. वसतिगृह, मेस, लॅपटॉप, पुस्तकं, प्रवास हे मागा. बापाची बाजू मांडणाऱ्यांनी पण लक्षात ठेवा, शुल्क माफ म्हणजे खर्च माफ नाही.

सिव्हिललाइन्स_सावली
खर्चाचा विषय निघालाच आहे तर: महिलांना पोटगीच्या प्रकरणात महाराष्ट्रात न्यायालय शुल्क माफ आहे, १९९४ च्या अधिसूचनेप्रमाणे. आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळायला स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. सज्ञान मुलीनं अर्ज स्वतःच्या नावानं करायचा.

@अमरावती_रोड, मुलींपुरतं म्हणाल तर जानेवारी २०२५ चा निकालही पाहा. परदेशात शिकणाऱ्या मुलीला बापानं दिलेले ४३ लाख तिनं परत करायची गरज नाही, शिक्षणाच्या खर्चाचा तिला आईबापांकडून कायदेशीर हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टानं म्हटलं. "आपल्या ऐपतीच्या मर्यादेत" हे शब्द मात्र सोबत वाचा.

अमरावती_रोड
वाचतो. मुलाच्या बाबतीत "विषय संपला" हे शब्द मागे घेतले असं समजा, बाकी मत कायम आहे. पदवीच्या आत आज कोणालाही नोकरी मिळत नाही, कायद्यानं दोघांना सारखं वागवावं.

नवीन_सभासद_मानेवाडा
मूळ उदाहरणात वाढदिवस १४ नोव्हेंबरचा आहे. नोव्हेंबरचे पैसे १३ दिवसांचे की महिन्याचे?

किरकोळ_अर्ज
सज्ञानता अठराव्या वाढदिवसाच्या दिवसाच्या सुरुवातीलाच येते, म्हणजे कागदावर १३ नोव्हेंबरपर्यंत. पण मोघम आदेशात दिवसांचा हिशेब घालू नका. नोव्हेंबरचे पूर्ण १८,००० भरा, यूपीआयच्या टिपेत महिना लिहा, आणि १५ तारखेच्या आसपास बदलाचा अर्ज टाका. निकाल येईपर्यंत पूर्ण रक्कम चालू ठेवा आणि अर्जातच "जास्त भरलेली रक्कम पुढच्या हप्त्यांत वळती करावी" अशी विनंती घाला. मान्य होणं न होणं न्यायालयाच्या हाती, पण न मागता मिळत नाही.

मुलीनं त्याच आठवड्यात कलम २० चा दावा आणि अंतरिम अर्ज टाकावा, आणि दोन्ही प्रकरणं एकाच न्यायालयापुढे ठेवण्याची विनंती करावी. तसं झालं तर एकच शपथपत्र दोन्हीकडे चालतं, आणि बापालाही एकदाच कळतं की हातात नेमकं किती उरणार.

रेवा_धरमपेठ
समुपदेशकाकडे जावं लागतं का यात?

किरकोळ_अर्ज
कौटुंबिक न्यायालय आधी समेटाचा प्रयत्न करतंच, तो कायद्याचाच भाग आहे. पोटगीच्या दाव्यात ते दोन बैठकांत आटपतं. तिथे मुलीनं स्वतः बसावं आणि खर्चाचा तक्ता छापून न्यावा: एका बाजूला महिन्याचे, दुसऱ्या बाजूला सत्राचे. बरेच आकडे तिथेच जुळतात. जुळले तर दरखास्तवाल्या भाऊंनी वर दिलेली ओळ तशीच उतरवून घ्या, फक्त "मुलगा"च्या जागी "मुलगी" करा आणि २३ वर्षांची अट काढून "लग्न किंवा स्वतःची पुरेशी कमाई" घाला.